वरचं तळं जनावरांचं

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा भाऊने एकच अट घातली. "मले समुद्र नको दाखवू. हत्ती अन् धान एका जागी कसे राहतात, तेवढं दाखव."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. मी टपाल खात्यातली नोकरी संपवून नागपुरात राहते, तो मात्र गावी, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान पिकवतो. आम्ही कोहळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांकडचे, तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यातले कितीतरी आमच्या समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे पाळ, तुडुम, सलंग हे शब्द आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून कानावर आहेत. पाळ म्हणजे बांध, तुडुम म्हणजे पाणी सोडायची मोरी, सलंग म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट.

वाघ, अस्वल, रानडुक्कर यांच्याशी कसं वागायचं ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. हत्ती माहीत नव्हता. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढच्या वर्षी, धान निसवायच्या सुमारास, आमच्या तालुक्यात आला. एका रात्रीत बांध्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सपाट झाल्या. माणूसही गेला. भाऊच्या शेतापासून एक शिवार पलीकडे कळप होता. ती रात्र त्याने जागलीवर काढली, हातात टॉर्च आणि शेजारी कुत्रा. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "आवाज नाही करत गं. एवढं मोठं जनावर, पण पाय टाकताना आवाज नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नेमकं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर, भाऊ, वहिनी आणि मी कोलंबोला उतरलो आणि समुद्राकडे पाठ करून थेट हबरणला गेलो. चार तासांचा रस्ता. आमचा चालक पस्तिशीचा मुलगा होता, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की मला मल्ली म्हणा. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. मला तो अक्का म्हणायचा, थोरली बहीण या अर्थाने. तो शब्द त्यांच्यातही आहे हे ऐकून वहिनीला एवढं बरं वाटलं की प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

श्रीलंकेचा हा भाग कोरडा प्रदेश म्हणून ओळखला जातो. आपल्याकडच्या माणसाला तो कोरडा वाटणार नाही. पाऊस आमच्या गोंदियापेक्षा फार वेगळा नाही, पण बहुतेक सगळा ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि मग पुढचे महिने उन्हाचे. म्हणून इथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून तळी बांधली. तळ्याला ते वेव म्हणतात. मूळ शब्द वापी. आपल्या कोकणात विहिरीला बाव म्हणतात तीही त्याच वापीची लेक. एका शब्दाच्या दोन मुली, एक समुद्राच्या या काठी, एक त्या काठी.

पहिल्या सकाळी हबरणजवळच्या हिरिवडुन गावी गेलो. तिथे पाहुण्यांना गाव दाखवायची पद्धत बसली आहे: आधी बैलगाडी, मग नावेतून तळं ओलांडायचं, मग एखाद्या घरी जेवण. वल्हवणाऱ्याने कमळाच्या पानाची टोपी करून वहिनीच्या डोक्यावर ठेवली. बैलगाडीचं आम्हाला काही अप्रूप नव्हतं. पण नाव पाळीला लागली आणि भाऊ उतरला तो पुढे यायलाच तयार नाही. त्याने चपला काढल्या. पाळीच्या आतल्या उतारावर दगड रचले होते, लाटांनी माती खचू नये म्हणून. त्यावरून तो पाण्यापर्यंत गेला, काठाची माती उचलली, बोटांत चोळली, वासही घेतला.

पाळीवर एक म्हातारा उभा होता. सगळे त्याला सीया म्हणत होते, म्हणजे आजोबा. भाऊची ती माती चोळायची रीत बघून तो स्वतःहून जवळ आला. पुढचा दीड तास भाऊ झाडीपट्टीच्या बोलीत बोलत होता, सीया सिंहलीत, मध्ये मल्लीचं मोडकं इंग्रजी आणि माझं मराठी. दोघांचं काहीही अडलं नाही. भाऊ हाताने सांगायचा की आमच्या तुडुमाला दगडी पायऱ्या आहेत, पायरीपायरीला भोक, भोकाला लाकडी खुंटी, पाणी जसं उतरतं तशी खालची खुंटी काढायची. सीयाने मान डोलावली आणि त्यांच्या मोरीकडे नेलं. मोरीला सोरोव्व म्हणतात. मोठ्या तळ्यांना सोरोव्वच्या तोंडाशी बिसोकोटुव नावाचा चौकोनी हौद असायचा. पाळीवर पाण्याचा दाब प्रचंड, तसंच सोडलं तर मोरी फुटेल, म्हणून पाणी आधी या हौदात घेऊन त्याचा जोर मोडायचा आणि मग पाटाला लावायचं. ही युक्ती तिथल्या कारागिरांनी इसवी सनाच्या आधी शोधली होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंते हे हौद बघायला आले तेव्हा त्यांना ते कशासाठी आहेत हे उमगायला वेळ लागला.

मग सीयाने तळ्याच्या वरच्या अंगाला हात केला. तिथे झाडांचा पट्टा होता. पाणी भरलं की ही झाडं पाण्यात उभी राहतात, वारा अडवतात, वाफ कमी होते. भाऊ दोन झाडांशी थांबला. एक कुंबुक, आपला अर्जुनसादडा. दुसऱ्याचं पान त्याने खुडलं, उलटं केलं, आणि माझ्याकडे बघून हसला. मोह! तिथे त्याला नुसतं "मी" म्हणतात. वटवाघळं त्याची फळं खायला येतात, त्यांची विष्ठा पाण्यात पडते आणि ते पाणी शेताला जातं. आमच्याकडे मोहाखाली पहाटे टोपली घेऊन जाणाऱ्या बायका मला आठवल्या. घरापासून एवढ्या लांब, परक्या भाषेच्या गावात, आईच्या ओळखीचं झाड.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते यानंतरचं. या भागात एक तळं एकटं नसतं. एका ओढ्यावर वरून खाली माळेसारखी तळी असतात, वरच्याचं सांडलेलं आणि शेतातून झिरपलेलं पाणी खालच्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये या तळ्यांच्या साखळीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हटलं. त्या माळेच्या अगदी वर, जंगलात, एक लहान तळं असतं. त्याला कुलु वेव म्हणतात. त्याच्याखाली शेत नाही. त्यातून कोणी पाणी सोडत नाही. वरून येणारा गाळ ते थांबवतं, आणि जनावरांना तिथेच पाणी मिळतं. सीया म्हणाला, ते त्यांचं. खालचं आपलं.

भाऊने मला दोनदा विचारायला लावलं. खरंच शेत नाही का त्याच्याखाली? मग बांधलं कोणी? सीयाला प्रश्नच कळेना. गावानेच बांधलं, दुसरं कोण बांधणार!

आणि धानाच्या शेवटच्या टोकाला, पार खाली, थोडा तुकडा पाखरांसाठी सोडायची रीत होती. कुरुलु पालुव. कुरुल्ला म्हणजे पाखरू. आपणही भाताच्या लोंब्या ओसरीला टांगतो चिमण्यांसाठी, पण उभ्या पिकातला वाटा काढून ठेवायचा हे मी पहिल्यांदा ऐकलं. सीयानेच सांगितलं की आता सगळे हे पाळत नाहीत. कुलु वेवही बऱ्याच ठिकाणी फुटले, कुठे त्यात शेती झाली. हे सांगताना त्याने आवाज खाली केला होता.

भाऊला आणखी एक गोष्ट भिडली, बेत्म. पाऊस कमी झाला, तळं अर्धंच भरलं, तर सगळ्यांनी आपापलं शेत करायचं नाही. पाळीजवळचा, पाणी पुरेल तेवढाच भाग करायचा, आणि तो गावातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा, जमीन कागदावर कोणाचीही असो. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्याकडे पानी आटलं की पहिले भांडन सुरू होते."

जेवण एका बाईंच्या घरी होतं. मातीची चूल, कुडाची भिंत, वर झावळ्या. त्या पाट्यावर लाल मिरची, कांदा आणि मीठ वाटत होत्या. वहिनीने सरळ बाजूला बसून वरवंटा हातात घेतला. खोवलेला नारळ त्यात घालून हलकेच वाटायचा, शेवटी लिंबू पिळायचं, झालं पोल संबोल. नाचणीची भाकरी, तिला कुरक्कन रोटी म्हणतात. तळ्यातला मासा, कमळाच्या देठाची भाजी, लाल तांदूळ. हे सगळं वेताच्या थाळीवर कमळाचं पान पसरून त्यात वाढलं. ताट ओलं होत नाही, आमटीचा थेंब पानावरून मोत्यासारखा पळतो.

वाढताना बाई म्हणाल्या, बत. वहिनी दचकली. "भात?" बत. भात! मग दोघींचा खेळ सुरू झाला. बोटांवर आकडे मोजायचे. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. आठला दोघी एकदम थांबल्या आणि दहाला टाळी दिली. निघताना त्या म्हणाल्या, स्तुती. म्हणजे धन्यवाद. आपण देवाची करतो ती स्तुती, त्या रोजच्या बोलण्यात माणसाची करतात.

त्याच दुपारी मिन्नेरियाला गेलो. मिन्नेरियाचं तळं महासेन राजाने बांधलं, तिसऱ्या शतकात. या राजाची गोष्ट विलक्षण आहे. भिक्खूंच्या मोठ्या विहाराशी त्याने वैर धरलं, विहाराच्या इमारती पाडून त्यांचं सामान दुसरीकडे नेलं, म्हणून जुन्या बखरकार भिक्खूंनी त्याच्याबद्दल कठोर लिहिलं. पण त्याने सोळा तळी बांधली. शेतकऱ्यांनी त्याला देव केलं. मिन्नेरिया देवियो. तळ्याजवळ त्याचं देवालय आहे. भाऊ तिथे हात जोडून उभा राहिला तेव्हा मला जरा वेगळं वाटलं, कारण आमच्या वाडवडिलांपैकी ज्यांनी तलाव बांधले त्यांची नावंही आमच्या गावात फार कोणाला आठवत नाहीत. नवेगावबांधला कोलू पाटलांचं नाव राहिलं. बाकीचे पाळीच्या मातीत मिसळले.

आता हत्तींविषयी. जुलै ते ऑक्टोबर या काळात मिन्नेरियाचं पाणी खालच्या शेतांना सोडलेलं असतं. तळं आटत जातं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूच्या जंगलात तेव्हा सगळं सुकलेलं. म्हणून दूरदूरचे कळप या गवतासाठी येतात, चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे हत्ती एका वेळी. लोक याला हत्तींचा मेळा म्हणतात. म्हणजे बघा, धानासाठी अडवलेलं पाणी, धानाला दिलेलं पाणी, आणि त्या दिलेल्या पाण्याच्या मागे उरलेली जमीन हत्तींची.  तळ्याभोवतीचं अभयारण्य कागदावर राष्ट्रीय उद्यान झालं ते 1997 मध्ये.

आम्ही गेलो तेव्हा पाणी जास्त होतं. गवत थोडं, कळप लांब. मल्लीने कारण सांगितलं. अंबन गंगेवर मोरगहकंद नावाचं मोठं धरण 2018 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून उन्हाळ्यातही तिकडून मिन्नेरियात पाणी येतं, तळं पूर्वीसारखं आटत नाही, गवत पाण्याखाली जातं. काही वर्षी मेळा जवळपास भरलाच नाही. शेतकऱ्याला पाणी हवं हे खरं, आणि मी शेतकऱ्याच्या घरची आहे. पण पाणी केव्हा धरायचं आणि केव्हा सोडायचं हे ठरवताना त्या गवताचा हिशेब कोणीतरी धरायला हवा. हे काम अवघड नाही, दोन-तीन महिन्यांच्या पातळीचा प्रश्न आहे, आणि तिथले अभ्यासक, वनाधिकारी, जीपवाले सगळेच ते सांगत आहेत.

त्या दिवशी एक गोष्ट फार लागली. एक हत्तीण पिल्लाला घेऊन पाण्याकडे निघाली होती. तिच्या वाटेवर बारा-तेरा जीपगाड्या अर्धवर्तुळ करून थांबल्या, इंजिनं चालू, पर्यटक टपावर. आमच्या जीपचा चालकही पुढे घुसायला लागला. हत्तिणीने कान ताणले, पिल्लू पोटाखाली घेतलं आणि ती उलट जंगलात गेली. पाणी न पिता. मी त्या चालकाला थांबायला सांगितलं, तो म्हणाला पाहुण्यांना जवळून हवं असतं. मी म्हटलं आम्हाला नको आहे. मागे या, इंजिन बंद करा. त्याने ऐकलं, हे त्याचं मोठेपण. तुम्ही जाल तर तुम्हीही एवढं जरूर म्हणा. बक्षिशी त्यासाठी द्या.

दुसऱ्या संध्याकाळी कवुडुल्लाला गेलो, तेही तळंच. तिथे पाणी उतरलेलं होतं. आम्ही इंजिन बंद करून एका कडेला थांबलो आणि थोड्या वेळाने जंगलाच्या कडेतून एक एक करत ते यायला लागले. सत्तरपर्यंत भाऊने मोजले, मग मोजणं सोडलं. सगळ्यांत जवळची हत्तीण पन्नास-साठ पावलांवर असेल. ती सोंडेने गवताचा झुबका धरायची, पुढच्या पायाच्या नखांनी मुळाशी टोचून तोडायची, आणि मग तो झुबका गुडघ्यावर झटकायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माती उडायची. मग तोंडात. आमच्या बायका रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी उपटून पायावर आपटतात, मुळांची माती झाडायला, अगदी तशी.

वहिनीच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. तिने स्वतःच्या पोटरीवर हात आपटून दाखवला, काही बोलली नाही.

पिल्लाला अजून सोंड वापरता येत नव्हती. ते आईच्या तोंडातलं गवत ओढून घेत होतं. करकोचे हत्तींच्या पायांत फिरत होते, पाणकावळे पंख पसरून वाळलेल्या खोडांवर बसले होते. सूर्य खाली गेला तेव्हा पाणी आणि हत्ती एकाच रंगाचे झाले. भाऊ मला म्हणाला, "त्या रात्री मी एवढाच जवळ होतो. पण मले दिसले नव्हते."

हे सगळं सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. 2011 च्या गणनेत या बेटावर 5,879 हत्ती मोजले गेले. 2023 या एकाच वर्षात तिथे चारशेहून अधिक हत्ती मेले आणि दीडशेहून अधिक माणसंही हत्तींमुळे गेली. गोळ्या, विजेच्या तारा, आणि फळात दडवलेला स्फोटकांचा गोळा, त्याला हक्क पटस म्हणतात. हत्तीचा जबडा फुटतो आणि तो भुकेने मरतो. आम्ही परतल्यावर सहा महिन्यांत, फेब्रुवारी 2025 मध्ये, त्याच हबरणजवळ रेल्वेने कळपाला धडक दिली, सहा हत्ती गेले. बातमी वाचली आणि मी भाऊला फोन केला. त्याने आधीच वाचली होती.

तरी लोक मार्ग शोधत आहेत. गलगमुवच्या भागात काही गावांनी विजेचं हलक्या झटक्याचं कुंपण धानाभोवती घालायला सुरुवात केली, तेही फक्त पीक उभं असेपर्यंत. कापणी झाली की खांब-तारा काढून ठेवायच्या आणि हत्तींना धसकटात चरू द्यायचं. कुंपण गावाचं, देखभाल गावाची. भाऊने या कुंपणाबद्दल मल्लीला इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने एका शेतकऱ्याला फोन लावून दिला. झाडावरच्या मचाणीला ते पॅल म्हणतात. रात्री जागलीवर बसलेला माणूस झोप उडवायला आणि पलीकडच्या शेतातल्या जागल्याला हाक म्हणून गाणी म्हणायचा, पॅल कवी. त्या फोनवरच्या शेतकऱ्याने दोन ओळी म्हणून दाखवल्या. अर्थ आम्हाला कळला नाही, सूर मात्र ओळखीचा होता. रात्रीच्या शेतातला एकटा सूर सगळीकडे तसाच लागत असावा.

उरलेल्या दिवसांत अनुराधपुर आणि कला वेव पाहिलं. सिगिरियाला, त्या खडकावरच्या किल्ल्याला, फार थांबलो नाही, वहिनीचे गुडघे दुखतात. पायथ्याच्या जलउद्यानात मात्र भाऊ रमला. चुनखडीच्या शिळांना भोकं पाडून केलेली कारंजी पंधराशे वर्षांनंतर पावसाळ्यात अजून उडतात, नुसत्या पाण्याच्या दाबावर. सिगिरिया बांधणारा काश्यप हा धातुसेन राजाचा मुलगा. धातुसेनाने पाचव्या शतकात कला वेव बांधलं आणि तिथून अनुराधपुरपर्यंत 87 किलोमीटरचा कालवा काढला. त्याच्या पहिल्या 17 मैलांत उतार मैलाला फक्त 6 इंच आहे. भाऊला हे पटायला वेळ लागला. तो पाटाच्या काठी बसून पाण्यात काडी टाकून तिच्याकडे बघत राहिला.

काश्यपाने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे विचारलं. धातुसेन म्हणाला, मला कला वेवला न्या, तिथे दाखवतो. तिथे तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी संपत्ती एवढीच. मुलाने त्याला ठार केलं. आम्ही पाळीवर उभे असताना मल्लीने ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना त्याने स्वतः ओंजळ केली. लहानपणी शाळेत ऐकलेली गोष्ट, पण सांगताना त्याचा गळा भरून आला होता.

अनुराधपुरला पहाटे गेलो. श्री महाबोधी, म्हणजे अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा पिंपळ. माणसाने लावल्याची नोंद असलेलं हे जगातलं सगळ्यांत जुनं झाड. पांढरे कपडे घातलेली माणसं निळी कमळं घेऊन उभी होती. वर्षाचा नवा तांदूळ शेतकरी आधी इथे आणून वाहतात, मग घरी खातात. वहिनीने पिशवीतून एक पुडी काढली. घरचा चिन्नोर तांदूळ, मूठभर. ती नागपूरहून घेऊन आली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. कमळांच्या बाजूला तिने तो ठेवला.

गावी आल्यावर भाऊने या प्रवासाबद्दल फार कोणाला सांगितलं नाही. आमच्या तलावाच्या वर, जंगलाच्या कडेला एक जुनी बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, मग बोड्यांकडे कोणी बघेना. ही तर गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी बुजून गेली होती. मे महिन्यात भाऊने ग्रामसभेत विषय काढला. दोघांनी विचारलं, तिच्याखाली शेत कोणाचं आहे? भाऊ म्हणाला, कोणाचं नाही. मग खर्च कशाला, असं कोणीतरी म्हटलं. त्यावर तासभर बोलणं झालं. शेवटी अकरा घरांची माणसं आली, एक ट्रॅक्टर मिळाला, बेशरम मुळापासून काढलं, पाळीला माती चढवली.

त्याच जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी भाऊने मला फोटो पाठवले. बोडीचा काठ, ओला गाळ, त्यात खूप खुणा. खाली त्याने बोलून संदेश टाकला होता. "हे चितळ. हे डुक्कर. हे नीलगाय, हे मोठं पाऊल अस्वलाचं आहे बघ. हत्ती नाही आला अजून. पानी आहे."